चार बोटांचे अंतर

खरे आणि खोटे यांत चार बोटांचे अंतर, असे आपली जुनी माणसे सांगत आली आहेत. कानापासून डोळ्यापर्यंत बोटे लावून पाहा, चारच भरतात. कानाने ऐकलेले खोटे असू शकते, डोळ्याने पाहिलेले मात्र खरे, असा त्या म्हणण्याचा अर्थ. पारावर कोणी ‘मी असे ऐकले’ म्हणाला तर आपण मान डोलावतो आणि विसरतो. तोच ‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिले’ म्हणाला की आपण सरसावून बसतो. कोर्टातसुद्धा ऐकीव गोष्टीला फारसे मोल नाही, प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या साक्षीला आहे.

मित्रहो, ही चार बोटे आता पुसली गेली आहेत. हातातल्या फोनवर पुढारी भाषण करताना दिसतो, शब्द त्याचेच वाटतात, ओठही बरोबर हलतात. आणि ते भाषण त्याने कधी केलेलेच नसते. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाचा फोन येतो, आवाज मुलाचाच, रडणेही त्याचेच; आणि मुलगा तर त्या वेळी आपल्या खोलीवर स्वस्थ अभ्यास करीत असतो. हे सारे ज्या यंत्रविद्येने शक्य झाले तिला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. बोलण्यात लोक ‘एआय’ म्हणतात. तिच्यापासून स्वतःला आणि शेजाऱ्याला कसे जपावे, याचा आज थोडा विचार करू.

आधी ही विद्या चालते कशी ते पाहा. यात जादू नाही, करणी नाही. आपल्याकडे बहुरूपी येत असत. बहुरूपी फौजदाराचा वेश घेऊन दारात उभा राहिला की घरातली पोरे चुलीमागे लपत. त्याने फौजदाराची चाल, दरडावणे, मिशीवर हात फिरवणे, सारे पाहून पाहून उचललेले असे. हे यंत्रही असेच पाहून पाहून शिकते. त्याला कोट्यवधी चित्रे आणि हजारो तासांची बोलणी पुरवलेली असतात. कोणत्या चेहऱ्यावर हसू कसे पसरते, कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येतो, याचे आडाखे ते बांधते आणि त्या आडाख्यांवरून नवे चित्र, नवा आवाज घडवते. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संशोधकांनी असे एक यंत्र जाहीर केले की, माणसाच्या आवाजाचा अवघ्या तीन सेकंदांचा नमुना त्याला नकलेला पुरतो. तीन सेकंद म्हणजे किती? लग्नाच्या व्हिडिओत तुम्ही पाहुण्यांना ‘या, या, बसा’ म्हणालात, तेवढे!

फरक एवढाच की, बहुरूपी खेळ संपला की हसतो, शेर-पायली धान्य घेतो आणि वेश उतरवतो. हा नवा बहुरूपी वेश उतरवीत नाही.

वेश न उतरवणाऱ्याला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे: तोतया. हा शब्द इतिहासाने आपल्या चांगल्याच ओळखीचा करून ठेवला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण भाऊ गेले यावर अनेकांचे मन विश्वास ठेवीना. खुद्द त्यांच्या पत्नी पार्वतीबाई ते जिवंत आहेत असेच मानून राहिल्या. पुढे सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून पुढे आला. १७७६ साली कोकणात त्याच्या नावाने मोठे बंड उभे राहिले, रत्नागिरीकडचे काही किल्लेही त्याच्या हाती गेले. अखेर तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. आता विचार करा, तोतयाचे फावले कशामुळे? तोंडवळ्याचे साम्य असेल तर असेल. पण त्याहून मोठे कारण लोकांच्या मनात होते. भाऊ परत यावेत असे त्यांना मनापासून वाटत होते. तोतया आपल्या इच्छेच्या दाराने आत येतो, नाहीतर आपल्या भीतीच्या दाराने. पंधरा वर्षांनी आलेल्या भाऊंच्या बाबतीत हे खरे होते आणि आज फोनमधून येणाऱ्या तोतयांच्या बाबतीतही अक्षरशः खरे आहे.

इच्छेच्या दाराने आलेला एक तोतया पाहा. जानेवारी २०२४ मध्ये एक व्हिडिओ पसरला. त्यात आपले सचिन तेंडुलकर एका खेळाच्या ॲपची भलामण करताना दिसत होते, पैसा मिळवणे किती सोपे झाले आहे ते सांगत होते. तेंडुलकरांनी स्वतः जाहीर केले की हा व्हिडिओ बनावट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावे लागले. कारण बँकेच्या गव्हर्नरांच्या तोंडी गुंतवणुकीचा सल्ला घातलेले खोटे व्हिडिओ फिरत होते. झटपट पैसा कोणाला नको? हळद प्यायली की गोरे होता येईल, असे सांगणारा माणूस नामवंत असला की आपण पेला तोंडाला लावायला तयार!

दुसरे उदाहरण हाँगकाँगचे. तिथे एका मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला वरिष्ठाच्या नावाने पत्र आले की अमुक इतके पैसे गुप्तपणे पाठवायचे आहेत. त्याला शंका आली, आणि ती योग्यच होती. मग त्याला फोनवरच्या सभेत बोलावले गेले. पडद्यावर ओळखीचे वरिष्ठ दिसले, सहकारी दिसले, बोलले. त्याची शंका फिटली. त्याने सुमारे वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. सभेतले ते बाकीचे सारे बनावट होते! ही गोष्ट २०२४ च्या आरंभी जगापुढे आली. यातले मर्म ध्यानात घ्या. त्या माणसाला बुद्धी नव्हती असे नाही. कानाने, म्हणजे पत्राने, जी शंका उत्पन्न केली ती डोळ्याने घालवली. जुन्या म्हणीप्रमाणे तो चालला आणि बुडाला.

तुम्ही म्हणाल, हाँगकाँगच्या कोट्यवधींशी आमच्या गावाचा काय संबंध? तर आता आपल्याच मुलखातली गोष्ट ऐका. ती जड मनाने सांगावी लागते.

१ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशा निरोपांनी त्या दिवसांत फोन भरून गेले होते. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढ्यावर संशय आला. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तिथेच मारून मारून पाचही जणांचा जीव घेतला. २०२४ साली न्यायालयाने सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. पाच घरांतले कर्ते पुरुष गेले, आणखी सात घरांवर कुऱ्हाड पडली. आणि मुले पळवणारी टोळी तर नव्हतीच.

या घटनेत कृत्रिम बुद्धिमत्तेचा काडीमात्र हात नव्हता. त्या सुमारास देशभर जो व्हिडिओ मुले पळवण्याचा पुरावा म्हणून फिरत होता, तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेला छोटा चित्रपट होता. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणारे मूल उचलून नेतात, लगेच परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात: मूल हरवायला क्षणही पुरतो, लक्ष ठेवा. कोणीतरी शेवटचा भाग, मूल परत आणल्याचा, कापून टाकला. बस्स, तेवढे पुरले. ‘ध’चा ‘मा’ करायला एकच अक्षर लागते.

म्हणजे पाहा, नुसत्या कात्रीने एवढा अनर्थ झाला. आता कात्रीची गरजही उरली नाही. हवे ते गाव, हवी ती गल्ली, हवा तो चेहरा आणि आपल्या बोलीतला आवाज, सारे घरबसल्या घडवता येते. यंत्र बदलले. पण यंत्राला जे काम जमत नाही, ते तेव्हाही आपल्याच हाताने झाले होते. निरोप पुढे ढकलायला माणसाचे बोट लागते, आणि काठी उचलायला माणसाचा हात.

मग करायचे काय? पुष्कळ जण सांगतात, चित्र नीट निरखून पाहा, खोटेपण सापडेल. एके काळी ते ठीक होते. यंत्राने काढलेल्या माणसाच्या हाताला सहा बोटे असत, पाटीवरची अक्षरे वेडीवाकडी येत. यंत्र दर महिन्याला सुधारते आहे. आपले डोळे आहेत तेवढेच आहेत. या शर्यतीत उतरू नये हे बरे. चित्राचा चेहरा पाहत बसण्यापेक्षा चित्र कोणत्या वाटेने आले ती वाट पाहावी. बैलबाजारात आपण काय करतो? बैल देखणा आहे म्हणून दावे हातात घेत नाही. कोणाच्या दावणीचा, कोणत्या गावचा, विकतो का, हे विचारतो. बातमीलाही हेच प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: ही कोणाच्या दावणीची? ‘मला मेव्हण्याने पाठवली’ हे उत्तर नव्हे. मेव्हण्याला कोणी पाठवली, आणि त्याच्या आधी? मूळ माणूस सापडत नसेल तर बातमी बेवारस आहे. बेवारस गुराला आपण कोंडवाडा दाखवतो, गोठ्यात बांधत नाही.

दुसरा प्रश्न: ज्या गावची बातमी, त्या गावाला ठाऊक आहे का? २२ मे २०२३ रोजी अमेरिकेत संरक्षण खात्याच्या कचेरीजवळ स्फोट झाल्याचे एक चित्र पसरले आणि थोडा वेळ तिथला शेअरबाजारही खाली आला. चित्र बनावट होते. ते उघडकीला आणले कोणी? तिथल्याच अग्निशामक दलाने. आमच्या हद्दीत असा स्फोट झालेला नाही, एवढे त्यांनी सांगितले. समजा, ‘धरण फुटले, पळा’ असा तुमच्या ओळखीच्या अधिकाऱ्याच्या आवाजातला निरोप आला. तर तलाठी, पोलीस पाटील, तहसील कचेरी यांना फोन करा, वरच्या गावातल्या पाहुण्याला विचारा. जवळच्या माणसाचा एक शब्द दूरच्या शंभर निरोपांहून भारी असतो. धोका अगदी अंगावर असेल तर उंचावर जा, त्यात नुकसान नाही. पण निरोप पुढे ढकलण्याआधी विचारा.

तिसरा प्रश्न: याची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे? शिवकाळातले पत्र कोणी पाहिले असेल तर आठवेल. आरंभी मुद्रा असे आणि मजकूर संपला की शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी मोर्तब असे. इथे मजकुराची मर्यादा झाली, याखाली कोणी काही घुसडू नये, असा तो बंदोबस्त. फोनवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्याला ना मुद्रा, ना मोर्तब. भाषणाचा तुकडा पाहिलात तर पूर्ण भाषण कुठे झाले, कोणत्या तारखेला, आधी काय बोलले, हे शोधा. कराचीच्या त्या चित्रपटाचा शेवट कोणी शोधला असता तर!

पैशाच्या किंवा संकटाच्या फोनसाठी एक जुनाच उपाय सांगतो. गडाच्या दरवाजावर रात्री येणाऱ्याला परवलीचा शब्द विचारीत. आवाज ओळखीचा आहे म्हणून दार उघडत नसत. तुम्हीही घरात एक परवलीचा शब्द ठरवा. गावच्या ओढ्याचे नाव, आजीने गाईला ठेवलेले नाव, काहीही. फक्त तो फोनवर लिहून ठेवू नका. मुलाच्या आवाजात ‘अण्णा, अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा’ असा फोन आला की शब्द विचारा. शब्द सांगता आला नाही तर फोन ठेवा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरावर स्वतः फोन लावा. पोलिसाच्या वेशातला माणूस पडद्यावर येऊन ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ म्हणाला तर घाबरू नका. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. आणि पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या सरकारी नंबरावर ताबडतोब कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची आशा जास्त.

शेतकरी बंधूंना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. हल्ली पुष्कळ जण या यंत्रालाच प्रश्न विचारतात: कपाशीवर बोंडअळी आली, कोणते औषध, किती मिली? यंत्र सुरेख मराठीत उत्तर देते. पण त्याला माहीत नसले तरी ते सहसा अडखळत नाही. आपल्याकडचा जाणता माणूस ठाऊक नसेल तर ‘विचारून सांगतो’ म्हणतो; यंत्र आडाख्यावर आडाखा बांधून खात्रीच्या सुरात सांगून मोकळे होते. मे २०२४ मध्ये गूगलच्या अशाच यंत्राने, पिझ्झावरचे चीज घसरू नये म्हणून त्यात डिंक घाला, असा सल्ला दिला होता! डिंकाचा पिझ्झा हसण्यावारी नेता येतो. औषधाची चुकलेली मात्रा पिकाला आणि फवारणाऱ्याच्या जिवाला भोवते. तेव्हा यंत्राला विचारा जरूर, पण मात्रा डब्यावरच्या कागदावरूनच घ्या, आणि कृषी सहायकाला, कृषी विद्यापीठाला किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरला पडताळून विचारा. योजनेचे पैसे मिळतील म्हणून फोनवर आलेली ॲपची फाइल तर उघडूच नका. योजनेची चौकशी कचेरीत करावी.

इथे एक सावधगिरीची सूचना. हे सारे ऐकून ‘आता कशावरच विश्वास नको’ असे कोणी म्हणेल, तर तोतयाचे काम आणखी सोपे होईल. खरा गुन्हा करताना पकडला गेलेला माणूसही मग म्हणेल, ‘हा व्हिडिओ यंत्राने केलेला आहे.’ भामट्याला दोन्हीकडून फायदा: खोटे खपते आणि खरे नाकारता येते. सगळ्यांवर विश्वास ठेवणारा भोळा, तसा कोणावरच न ठेवणाराही एक प्रकारे भोळाच. कारण दोघेही तपासण्याचे कष्ट टाळतात. जिथे चूक झाली तर ती दुरुस्त करून छापतात, जिथे बोलणाऱ्याचे नाव आणि पत्ता असतो, त्या ठिकाणावर अधिक भरवसा ठेवावा. बेनामी निरोपाला आपली अब्रू नसते, म्हणून त्याला खोटे बोलताना भीतीही नसते.

शिक्षक बंधुभगिनींना आता एक विनंती. गावात फोन पुष्कळ आहेत, पण ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची सवय शाळेतच लागू शकते, आणि त्यासाठी संगणक लागत नाही. एक छायाचित्र फळ्यावर लावा. समजा, नदीकाठी उभ्या असलेल्या गर्दीचे. चार गटांना चार ओळी लिहायला सांगा. एक गट लिहील, पूर आला. दुसरा, यात्रा भरली. तिसरा, मोर्चा निघाला. चौथा, कोणीतरी बुडाले. चित्र तेच, बातम्या चार! मग विचारा, खरे ठरवायला आपल्याला काय काय कळले पाहिजे? तारीख, गाव, चित्र काढणारा, आजूबाजूचा भाग, ही यादी मुले स्वतःच करतील. दर शनिवारी गावात फिरलेला एक निरोप घेऊन त्याची वाट शोधण्याचा पाठ ठेवा. कोणाकडून आला, त्याच्याकडे कोणाकडून, आणि माग कुठे तुटला, ते वहीत लिहायचे. ही पोरे घरी जाऊन आजोबांना ‘आबा, हे कोणी पाठवलं तुम्हाला?’ असे विचारू लागली की अर्धे काम झाले.

तो प्रश्न मात्र गोडीने विचारावा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी काही चुकीचे पाठवले तर चारचौघांत त्यांची फजिती करू नये. अपमान झालेला माणूस चूक कबूल करीत नाही, तीच घट्ट धरून बसतो. बाजूला बसून म्हणावे, ‘काका, मलाही आधी खरंच वाटलं होतं, पण विचारून पाहिलं तर हे असं निघालं.’ आणि आपण स्वतः काही खोटे पुढे पाठवले असेल तर ते नुसते पुसून टाकू नये. ज्यांना ज्यांना पाठवले त्यांना ‘ते खरे नव्हते’ असे स्पष्ट कळवावे. खोटे जितक्या घरी गेले तितक्या घरी खरे पोचवणे हे पाठवणाऱ्याचेच कर्तव्य आहे.

राग आणणारा, भीती घालणारा, किंवा तोंडाला पाणी सोडणारा निरोप आला की फोन पालथा ठेवा. घोटभर पाणी प्या, गुरांना वैरण टाकून या. एवढ्या वेळात बहुतेक निरोपांतली हवा निघून जाते, आणि जो निरोप खरा असेल तो अर्ध्या तासाने नासत नाही. त्यात एखाद्या माणसाकडे, एखाद्या जातीकडे, वाटेने चाललेल्या परक्याकडे बोट दाखवलेले असेल, तर अर्धा तास नव्हे, पूर्ण खात्री होईपर्यंत थांबा, आणि संशय असेल तर पोलिसांना बोलवा. राईनपाड्याच्या बाजारात कोणीतरी दहा माणसांनी ‘थांबा, आधी विचारू’ म्हणायला हवे होते. तुमच्या गावच्या बाजारात ते म्हणणारे पहिले माणूस तुम्ही व्हा.